सोबतीचा दम, एकट्याचा दम

वैशाखातल्या एका दुपारी, विद्यापीठाच्या परीक्षा तोंडावर आलेल्या असताना आणि अमरावतीच्या रस्त्यावर चिटपाखरूही दिसत नसताना, मी ज्या वसतिगृहाचा अधीक्षक होतो त्याच्या वरच्या मजल्यावरची एक खोली उघडून घेण्याचा प्रसंग माझ्यावर आला. दाराखालच्या फटीला आतून ओला टॉवेल दाबून बसवला होता. खिडकीतला कूलर तोंड फिरवून बाहेर वारा फेकीत होता. तीन उदबत्त्या एकदम जळत होत्या, आणि तरीही त्या साऱ्यांना न जुमानता गांजाचा तो जडसर, उग्र वास उंबऱ्याशी येऊन थांबलाच होता. कॉटवर बसलेला मुलगा दर्यापूरकडच्या एका खेड्यातला, दुसऱ्या वर्षाचा, वर्गात कधी आवाज न चढवणारा. टेबलावर मेसचा डबा न उघडताच पडला होता, त्याच्या शेजारी डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली, आणि एक वही. वहीचे शेवटचे पान उघडे होते. त्यावर घरच्या सोयाबीनचे क्विंटल, अडत, हमाली, कृषिकेंद्राची उधारी, मेसचे पैसे आणि परीक्षेचे शुल्क असा हिशेब नीट ओळीने मांडून, खाली रेघ ओढून, बाकीची जागा कोरी ठेवलेली होती.

मी विचारले, "कधीपासून चाललं आहे हे?" आणि लागलीच, "किती घेतोस?" दोन्ही प्रश्नांना त्याने मान खाली घालून एकच उत्तर दिले, "जास्त नाही, सर." पुढे नियमाप्रमाणे जे व्हायचे ते झाले, लेखी जबाब झाला, वरिष्ठांकडे अहवाल गेला, वडिलांना निरोप गेला. ते दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने आले, डोक्याचा रुमाल हातात घेऊन माझ्या खोलीच्या दाराशी उभे राहिले आणि म्हणाले, "सर, माहं पोट्टं बिघडलं का हो?" मुलाचे नाव वसतिगृहाच्या पटावरून कमी झाले. वहीचे ते पान मात्र त्या साऱ्या कागदपत्रांत कोठेच आले नाही. मी ते पाहिले होते, पण वाचले नव्हते. आणि महाविद्यालयात शिकणारी मुले गांजाकडे का वळतात या प्रश्नाचा जो काही विचार मी त्यानंतरच्या वर्षांत केला, तो त्या न वाचलेल्या पानापासून सुरू झालेला आहे.

गांजा वऱ्हाडाला नवा नाही. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला, आणि त्याच्या उत्तरेला लागून असलेल्या निमाडात, खंडव्याच्या आसपास, सरकारी परवान्याने गांजा पिकवण्याची वहिवाट त्या अमदानीत होती. गांजा हा अबकारी महसुलाचा एक रीतसर विषय होता, त्याच्या दुकानांचे मक्ते दिले जात, आणि खळ्यावर रात्रभर राखणीला बसणारा म्हातारा, यात्रेतला गोसावी, देवळाच्या ओवरीत मुक्काम टाकणारा बैरागी यांच्या हातातली चिलीम व तिच्या तोंडाशी धरलेली ओली साफी हे दृश्य पाहून येथे कोणी दचकत नसे. शेगावच्या श्रीगजानन महाराजांच्या चरित्रग्रंथात चिलमीचे प्रसंग आहेत आणि ती पोथी वऱ्हाडातल्या घराघरांत श्रद्धेने वाचली जाते. मुले हे जाणतात, आणि अंगावर आले की त्याचाच आधार घेतात. त्यांना मी एवढेच सांगत आलो की ज्या विरक्ताने अंगावरच्या वस्त्राचीही आसक्ती ठेवली नाही त्याच्या हातातली वस्तू तेवढी उचलावी आणि त्याची विरक्ती तेथेच ठेवावी, हा भक्तीचा व्यवहार होत नाही. तथापि त्या जुन्या चालीत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी होती. चिलमीला वेळ होती, जागा होती, वय होते, आणि ती एका हातातून दुसऱ्या हातात जात असे. नॉर्मन झिनबर्ग या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की कोणत्याही मादक द्रव्याचा परिणाम केवळ त्या द्रव्यावर ठरत नाही. घेणाऱ्याची मनःस्थिती आणि तो ज्या परिस्थितीत घेतो ती परिस्थिती यांचाही त्यात तितकाच वाटा असतो. खळ्यावरच्या म्हाताऱ्याचा गांजा आणि टॉवेलने फट बुजवलेल्या खोलीतला गांजा ही वनस्पती एकच असली तरी अनुभव एक नव्हे.

येथे एका जुन्या सरकारी चौकशीची आठवण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८९३ साली हिंदुस्थान सरकारने गांजा, भांग आणि चरस यांच्या चौकशीसाठी डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. त्याने देशभर फिरून अकराशेंहून अधिक साक्षी घेतल्या आणि १८९४ साली अनेक खंडांचा अहवाल सादर केला. गांजाने माणसे वेडी होतात हा त्या काळचा सर्वमान्य समज होता, आणि पुरावा म्हणून वेड्यांच्या इस्पितळांतली दप्तरे दाखवली जात. आयोगाने ती दप्तरे नुसती वाचली नाहीत, एकेका रोग्याची कैफियत मुळापासून तपासली. तेव्हा असे उघड झाले की रोग्याला पोलीस आणून सोडीत, सोबतच्या नमुन्यात 'वेडाचे कारण' असा एक रकाना असे, कारण कोणालाच ठाऊक नसे, आणि रकाना रिकामा ठेवणे बरे दिसत नाही म्हणून तेथे 'गांजा' असे लिहिले जाई. १८९२ साली दाखल झालेल्या १३४४ रोग्यांपैकी ज्यांच्या वेडाशी गांजाचा किंवा भांगेचा काही संबंध सयुक्तिकपणे जोडता येईल असे केवळ ९८ निघाले. बेताच्या सेवनाने बहुधा अपाय होत नाही, अतिरेकाने होतो, असा आयोगाचा निष्कर्ष होता. त्या निष्कर्षात पुढच्या संशोधनाने पुष्कळ भर घातली आहे आणि कोवळ्या वयाच्या बाबतीत तो आज जसाच्या तसा स्वीकारता येणार नाही. परंतु तो रकाना मला विसरता येत नाही. मुलगा नापास झाला, घरी बोलेनासा झाला, रात्री जागू लागला, की आपण आजही त्या रकान्यात 'गांजा' असे लिहून मोकळे होतो. क्रम अनेकदा उलटा असतो. जागरण आधी आलेले असते, अबोला आधी आलेला असतो, आणि गांजा त्यांच्या मागून, त्यांच्यावरचा इलाज म्हणून आलेला असतो.

पहिला दम मात्र बहुधा दुःखातून येत नाही; तो सोबतीतून येतो. अकोट, बाळापूर, मूर्तिजापूर, चिखलदरा, मोर्शी येथून बारावी होऊन अमरावतीला किंवा अकोल्याला आलेल्या मुलाच्या वाट्याला आयुष्यात प्रथमच अशी संध्याकाळ येते की जिच्यात त्याला हाक मारणारे कोणी नसते. गावात तो कोणाचा तरी नातू असतो, कोणाचा तरी पुतण्या असतो. येथे तो हजेरीपटावरचा एक क्रमांक असतो. मग कोणीतरी गाडीवर मागे बसवून गावाबाहेर नेतो, तलावाच्या काठी चार पोट्टे गोल करून बसलेले असतात, हातातल्या हातात कागद वळला जातो, आणि फिरत फिरत ती वळकटी त्याच्यापाशी येते. "मार ना बे एक दम, काही होत नाही." त्या क्षणी त्याच्यापुढे गांजा हवा की नको असा प्रश्नच उभा नसतो. या गोलात आपली जागा आहे की नाही, हा प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर त्याने ओठाला लावून द्यायचे असते. हॉवर्ड बेकर या समाजशास्त्रज्ञाने १९५३ साली एका प्रसिद्ध लेखात दाखवून दिले की गांजाची मौज ही शिकावी लागते: धूर ओढण्याची रीत शिकावी लागते, अंगात जे काही होते ते गांजाचे म्हणून ओळखायला शिकावे लागते, आणि कोरडा पडणारा घसा, धडधडणारी छाती व भरकटणारे चित्त हे सारे सुखाचे आहे असे मानायलाही शिकावे लागते. हे तिन्ही धडे देणारा गुरू म्हणजे तो गोलच. म्हणून पहिल्या चारदोन वेळांत 'मला तर काहीच झालं नाही' म्हणणारा मुलगा पाचव्या वेळी हसायला लागतो.

या गोलात बसलेल्या प्रत्येकाच्या मनात आणखी एक समजूत पक्की असते, ती ही की 'आजकाल सगळेच मारतात.' पर्किन्स आणि बर्कोविट्झ या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९८६ साली विद्यार्थ्यांच्या मद्यपानाविषयी असे निदर्शनास आणले की इतर विद्यार्थी याबाबतीत जितके सैल आहेत असे प्रत्येकाला वाटते, तितके ते वस्तुतः नसतात. हीच गोष्ट पुढे गांजाच्या बाबतीतही वारंवार आढळून आली. आपल्याकडची स्थिती पाहावी. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून करवून घेतलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे १० ते ७५ वयाच्या भारतीयांपैकी २.८ टक्के लोकांनी मागील वर्षभरात भांग, गांजा वा चरस यांपैकी काहीतरी घेतलेले होते. भांग वगळून केवळ गांजा आणि चरस पाहिला तर हे प्रमाण १.२ टक्के भरते. तरुणांत ते काहीसे अधिक असेल असे धरले तरी 'सगळेच' या शब्दापासून ते फार दूर राहते. पण तलावाच्या काठी ओढणारे चौघे डोळ्यांना दिसतात, आणि त्याच वेळी खोलीत कांदेपोहे करून खाणारे चाळीस कोणाला दिसत नाहीत.

सोबतीचा दम पुष्कळांच्या बाबतीत सोबतीबरोबरच संपतो. परीक्षा येते, गट फुटतो, कोणाचे लग्न होते, कोणाला नोकरी लागते, आणि ती सवय मागे पडते. ज्यांची मागे पडत नाही त्यांच्याविषयी काळजीने बोलले पाहिजे. जेफ्री सिमन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली गांजा घेण्यामागचे हेतू मोजण्याची एक प्रश्नावली तयार केली. मौजेसाठी, मेळ्यात मिसळण्यासाठी, इतरांच्या दबावाने, जाणिवेचा विस्तार अनुभवण्यासाठी आणि मनाचा ताण सोसण्यासाठी, असे पाच हेतू तिच्यात धरलेले आहेत. आणि तिच्या आधारे पुढे झालेल्या अभ्यासांत असे पुन्हा पुन्हा दिसले की जो ताण सोसण्यासाठी घेतो, तोच अधिक अडचणीत सापडतो. मौजेला विसावा असतो. ताणाला तो नसतो. तो रोज सकाळी आपल्या आधी उठलेला असतो.

आणि वऱ्हाडातल्या मुलाचा ताण कसला, हे वऱ्हाडात राहणाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली त्यांत अमरावती आणि अकोला हे दोन्ही होते. त्या वर्षी जी मुले पाळण्यात होती ती आज महाविद्यालयात आहेत. त्यांच्या शिक्षणाला लागणारा पैसा कापूस व सोयाबीन यांच्या भावाला बांधलेला असतो, आणि तो कसा उभा राहिला हे त्यांना न सांगताही कळते. अकोल्यात शिकवणी-वर्गांच्या फलकांखालून सकाळी सहा वाजता सायकली आणि स्कूटी यांची जी रांग निघते, किंवा अमरावतीच्या अभ्यासिकांतून, प्लायवूडच्या तीन फुटी कप्प्यात, समोर वेळापत्रक चिकटवून, पाण्याची बाटली आणि घड्याळ मांडून, स्पर्धापरीक्षेची तिसरी की चौथी जाहिरात निघण्याची वाट पाहत जी पंचविशीतली मुले बसलेली असतात, त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या खांद्यावर एक घर बसलेले असते. रविवारी घरून फोन येतो. "अभ्यास चालू आहे ना, बाबू?" "हाव." "पैसे लागतात का?" "नाही." हे संभाषण मी वसतिगृहाच्या जिन्यात शेकडो वेळा ऐकले आहे, त्यात खोटे बोलणारा आणि ते खोटे ओळखणारा दोघेही एकमेकांवरच्या प्रेमापोटीच गप्प राहतात. जे ओझे बोलून हलके करता येत नाही ते विसरून हलके करण्याची बुद्धी होणे, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. एडवर्ड खांत्झियन या मानसोपचारतज्ज्ञाने १९८५ साली याच प्रवृत्तीला एक सिद्धान्ताचे रूप दिले: माणूस अमली द्रव्य निवडतो तो यदृच्छेने नव्हे, आपल्या विशिष्ट वेदनेवरचे औषध म्हणून.

गांजा हे काम काही काळ खरोखरीच करतो, आणि हे मान्य केल्याशिवाय मुलांशी बोलता येत नाही. त्यातले मुख्य मादक द्रव्य, ज्याला टीएचसी म्हणतात, ते १९६४ साली इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी वेगळे करून ओळखले. आणि मेंदू स्वतःच तयार करीत असलेले, त्याच जागी जाऊन बसणारे एक द्रव्य १९९२ साली मेशुलमांच्या प्रयोगशाळेत सापडले तेव्हा त्याला संस्कृतातल्या 'आनंद' शब्दावरून 'आनंदामाइड' असे नाव दिले गेले. भीती, भूक, स्मृती आणि झोप यांचे नियमन करणाऱ्या या व्यवस्थेत टीएचसी बाहेरून घुसते. चालू क्षण लांबतो, उद्याचा दिवस धूसर होतो, छातीवरचा दगड उतरल्यासारखा वाटतो. त्याच वेळी नवे काही मनात ठसवण्याची शक्ती मंदावते, म्हणजे ज्या अभ्यासाच्या भीतीने दम मारला तोच अभ्यास मनात बसेनासा होतो, भीती वाढते, आणि दुसऱ्या दमाची निकड उत्पन्न होते.

झोपेची गोष्ट तर याहून फसवी आहे. एका मुलाने मला सांगितले, "मले झोपच येत नाही, सर. हे घेतलं का मंग येते." तो खरे बोलत होता. रोज घेणाऱ्याने गांजा थांबवला की एकदोन दिवसांतच चिडचिड, अस्वस्थता, अन्नावरची वासना उडणे, झोप न येणे आणि आली तर भयंकर स्पष्ट स्वप्ने पडणे, हे सारे सुरू होते. पहिल्या आठवड्यात ते सर्वांत तीव्र असते आणि मग हळूहळू ओसरते. मुलाला हे कोणी सांगितलेले नसते. तो तिसऱ्या रात्री तळमळत उठतो आणि अशी खूणगाठ बांधतो की आपल्याला निद्रानाशाचा मूळचाच विकार आहे व गांजा हे त्यावरचे औषध आहे. सोडल्याचा त्रास तो न सोडण्याचे कारण म्हणून धरतो.

मुलींविषयी येथे विस्ताराने लिहीत नाही, कारण त्या माझ्याशी कधी मोकळेपणाने बोलल्या नाहीत, आणि बदनामीची भीती त्यांना मुलांच्या कित्येक पट असते एवढेच मला दिसले.

मुलांच्या समर्थनांत 'झाडपालाच तर आहे' आणि 'परदेशात कायद्याने चालतो' ही दोन नेहमीची. कॅनडाने २०१८ साली गांजा कायदेशीर केला हे खरे आहे. परंतु तेथेही अठरा वर्षांखालच्यांना तो विकणे हा गुन्हा आहे, आणि त्याला कारण आहे: मेंदूची घडण विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. गांजा घेणाऱ्यांपैकी सुमारे नऊ टक्के त्याच्या आहारी जातात असा एक बहुमान्य अंदाज आहे. किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सहांत एक इतके वर जाते. स्वीडनमध्ये पंचेचाळीस हजारांहून अधिक सैन्यभरतीच्या तरुणांचा पंधरा वर्षे मागोवा घेऊन १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांनी पन्नासपेक्षा अधिक वेळा गांजा वा चरस घेतला होता त्यांच्यात छिन्नमनस्कतेचे प्रमाण कधीच न घेणाऱ्यांच्या सहापट आढळले. याचा अर्थ दम मारणारा प्रत्येक जण वेडा होतो असा नाही, आणि तसे सांगणाऱ्या व्याख्यात्यावर मुले विश्वासही ठेवीत नाहीत, कारण आदल्याच रात्री सोबत बसलेला मित्र त्यांच्या शेजारी धडधाकट बसून ते व्याख्यान ऐकत असतो. ज्याच्या घरात मनोविकाराचा इतिहास आहे, ज्याला आधीच आवाज ऐकू आल्यासारखे वाटते, त्याने यापासून सर्वस्वी दूर राहिले पाहिजे, हे मात्र स्पष्ट आणि नावानिशी सांगितले पाहिजे.

कायद्याविषयी थोडे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजाचे सेवन हा गुन्हा ठरवला आहे, आणि त्याच्या २७ व्या कलमाखाली त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पंचनामा, मुद्देमाल, जामीन या शब्दांशी विसाव्या वर्षी ओळख झालेल्या मुलाला सरकारी नोकरीच्या चारित्र्य-पडताळणीत ती ओळख पुन्हा भेटते. पण याच कायद्यात ६४-अ हे एक कलम आहे, आणि त्याची माहिती पालकांना नसते, शिक्षकांनाही नसते: सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्ह्याचा आरोप असलेला व्यसनाधीन मनुष्य स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला आणि त्याने ते पूर्ण केले, तर त्याच्यावरील खटल्यापासून त्याला संरक्षण मिळते. दार कायद्यानेच उघडे ठेवलेले आहे. ते लावून घेण्याचे काम माझ्यासारख्यांच्या अहवालांनी केले आहे.

वऱ्हाडाला या बाबतीत परंपरा नाही असे नाही. गाडगेबाबांनी कीर्तनांतून व्यसनांवर कोरडे ओढले ते याच मुलुखात, तुकडोजी महाराजांनी मोझरीला गुरुकुंज उभारले ते याच मुलुखात, आणि तरुणांच्या अंगातल्या रगेला वाट करून देण्यासाठी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली निघाले तेही अमरावतीतच. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केले तेव्हापासून व्यसनी माणसाला अपराधी न मानता रोगी मानण्याची दृष्टी महाराष्ट्रात रुजू लागली. आता १४४१६ या क्रमांकावर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा मराठीतही बोलते, आणि तिला फोन करणाऱ्याला कोणत्याही पटावर नाव लिहावे लागत नाही. वसतिगृहाच्या सूचनाफलकावर मेसच्या थकबाकीदारांची यादी लागते तेथे हा क्रमांक लावायला काय हरकत आहे?

त्या दर्यापूरकडच्या मुलानंतर चार वर्षांनी, पुन्हा उन्हाळ्याच्याच दिवसांत, दुसऱ्या एका खोलीच्या दाराखाली मला तसाच टॉवेल दिसला. या वेळी मी दार वाजवले नाही. रात्री जेवणे झाल्यावर त्या मुलाला गच्चीवर बोलावले, आणि किती, कधीपासून, कोठून हे काही न विचारता एवढेच विचारले, "कोणासोबत घेतोस?"

तो पुष्कळ वेळ बोलला नाही. खाली बडनेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरून ट्रक जात होते. मग म्हणाला, "आधी सगळे असायचे, सर. आता एकटाच." आणि मग, मी काहीही न विचारता, त्याने बहिणीच्या लग्नासाठी गहाण पडलेल्या दोन एकरांविषयी सांगायला सुरुवात केली. त्याच्या सोडण्याच्या पहिल्या आठवड्यात तो रात्री दोनअडीचला खाली येत असे. मी दाराची कडी काढून ठेवीत असे. आम्ही पायरीवर बसत होतो, तो स्वप्ने सांगत होता, आणि साडेचारला दूधवाल्याची सायकल फाटकाशी वाजली की दोघांचा चहा मी स्टोव्हवर ठेवीत होतो. सहाव्या रात्री तो आला नाही. मी जिना चढून वर गेलो आणि दाराशी कान लावून उभा राहिलो. आत कूलर सुलटा चालू होता, आणि तो घोरत होता.